तीनचाकी मोटरसायकलची थरथर: आधी निदान, मग पाना

आपल्याकडे तीन चाकांचे वाहन म्हटले की रिक्षा आठवते: पुढे एक चाक, मागे दोन. कॅनडाच्या क्वेबेक प्रांतातील बीआरपी या कंपनीने २००७ साली ‘कॅन-ॲम स्पायडर’ बाजारात आणली, तिची मांडणी बरोबर उलटी आहे. पुढे दोन चाके, मागे एक. हँडल आणि सीट मोटरसायकलचे, पुढचे सस्पेंशन मोटारीच्या वळणाचे, आणि मागच्या एकुलत्या चाकाला इंजिनची ताकद पोहोचते ती दातेरी पट्ट्यातून. वळणावर ही गाडी मोटरसायकलसारखी कलत नाही. लांबच्या प्रवासासाठी लोक ती हौसेने घेतात आणि म्हणूनच एक तक्रार त्यांना फार जाचते. ताशी नव्वद-शंभरापर्यंत गाडी गुळगुळीत चालते, त्यापुढे मात्र हँडल, सीट किंवा पाय ठेवायची जागा थरथरू लागते. मग गॅरेजची वारी सुरू होते. आधी टायर बदलले जातात, मग बॅलन्सिंग, मग पट्टा, मग बेअरिंग. कधीतरी योगायोगाने थरथर थांबते. पण तोवर चांगले सुटे भाग भंगारात गेलेले असतात आणि दोष नेमका कशात होता हे कोणालाच कळलेले नसते. माझे म्हणणे असे की, हा क्रमच चुकीचा आहे. थरथर हा स्वतःच एक पुरावा असतो. ती कशाबरोबर बदलते आणि कशाबरोबर बदलत नाही, एवढे नीट तपासले, तर पान्याला हात लावण्यापूर्वीच संशयितांची यादी एका-दोघांवर येते.

त्यासाठी थरथर निर्माण कशी होते हे आधी पाहू. चाकाच्या रिमवर एका बाजूला तीस ग्रॅम वजन जास्त आहे असे समजा. स्पायडरच्या बऱ्याच मॉडेलांत पुढे १६५/५५ आर १५ या मापाचा टायर येतो. त्याचा व्यास सुमारे ५६ सेंटिमीटर, म्हणजे घेर साधारण पावणेदोन मीटर. ताशी ११० किलोमीटर वेगाला हे चाक सेकंदाला सतरा फेऱ्या मारते. मध्यापासून १९ सेंटिमीटरवर बसलेले ते तीस ग्रॅम तेव्हा जवळपास सात किलो वजनाइतक्या जोराने चाकाला बाहेर ओढतात, आणि ही ओढ सेकंदाला सतरा वेळा दिशा बदलत राहते. वेग निम्मा केला की ती निम्मी होत नाही, पाव होते; कारण हा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो. शहरात निर्दोष वाटणारी गाडी महामार्गावर का हादरते, याचे पहिले उत्तर इथे मिळते. दुसरे उत्तर अनुनादाचे. हँडल, फ्रेम, सस्पेंशन आणि पट्ट्याचा ताणलेला भाग या प्रत्येकाची स्वतःची एक कंपसंख्या असते. चाकाच्या फेऱ्या तिच्याशी जुळल्या की लहानसा धक्काही मोठा होऊन जाणवतो आणि वेग आणखी वाढवला की विरतो. त्यामुळे वेगाबरोबर वाढतच जाणारी थरथर आणि वेगाच्या ठरावीक टप्प्यातच, समजा १०५ ते ११५ मध्येच, येणारी थरथर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीत साधा असमतोल संभवतो. दुसरीत धक्का देणारा भाग एक आणि थरथरणारा भाग दुसराच, अशी शक्यता धरावी लागते.

निदानाचा पहिला प्रश्न असा: थरथर रस्त्यावरच्या वेगाशी बांधलेली आहे की इंजिनच्या फेऱ्यांशी? हे तपासायला एक पैसा लागत नाही. ज्या वेगाला त्रास होतो तोच वेग कायम ठेवून सहाव्या गिअरमधून पाचव्यात यायचे. चाके, मागची पुली आणि पट्टा पूर्वीच्याच गतीने फिरत राहतात; फक्त इंजिनच्या फेऱ्या वाढतात. थरथर जशीच्या तशी राहिली तर इंजिन बहुतांशी निर्दोष. ती नाहीशी झाली किंवा तिचा पोत बदलला, तर शोध इंजिन, त्याचे रबरी माउंट आणि क्लच यांच्याकडे वळवायचा. दुसरी चाचणी भाराची. त्याच वेगाला थ्रॉटल सोडला की पट्ट्यावरचा ताण वरच्या भागातून खालच्या भागात जातो, चाकांचा असमतोल मात्र आहे तसाच राहतो. थ्रॉटल सोडताक्षणी थरथर थांबत असेल, तर पट्टा, पुली किंवा त्यांच्या बेअरिंगवर संशय घट्ट होतो. या दोन चाचण्यांना मोकळा, सरळ रस्ता आणि थोडा संयम एवढेच लागते. तरीही त्या टाळून थेट टायर खोलायला घेतले जातात.

चाकांवर संशय आला तर पुढचे की मागचे, हा दुसरा प्रश्न. मोटारीत यावर सोपी युक्ती असते: पुढची चाके मागे, मागची पुढे टाकून पाहायचे आणि थरथर जागा बदलते का ते बघायचे. स्पायडरमध्ये हे जमत नाही, कारण मागचा टायर बराच रुंद, साधारण २२५/५० आर १५ या मापाचा असतो आणि त्याला अदलाबदलीला जोडीदारच नाही. पण मापातला हाच फरक निदानाच्या कामी येतो. मागच्या टायरचा घेर सुमारे १.९० मीटर, पुढच्याचा सुमारे १.७७. ताशी ११० ला मागचे चाक सेकंदाला सोळा फेऱ्या मारते, तर पुढची चाके सव्वासतरा. हा सव्वा फेऱ्यांचा फरक हाताला जाणवत नाही. मोजणाऱ्या साधनाला मात्र स्वच्छ दिसतो. त्याहून सुंदर खूण पुढच्या दोन चाकांची आहे. दोन्ही एकाच मापाची, पण झिजेमुळे एकाची त्रिज्या दीड मिलिमीटरने कमी झालेली असेल, तर त्यांच्या फेऱ्यांत अर्ध्या टक्क्याचा फरक पडतो. मग दोघांचे धक्के कधी एकत्र येतात, कधी एकमेकांना खोडतात, आणि सरळ रस्त्यावर एकाच वेगाला थरथर दहा-अकरा सेकंदांनी चढते आणि उतरते. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा किंचित बेसूर असल्या की आवाज जसा हेलकावतो, तसाच हा प्रकार. असा हेलकावा मिळाला तर दोष पुढे आहे, आणि तो दोन्ही चाकांत आहे. थरथर एकसुरी असेल तर एकाच चाकाचा शोध घ्यायचा, आणि त्यात मागचे चाकही येते.

पट्ट्याचा विचार स्वतंत्रपणे करावा लागतो. दोन पुलींमध्ये ताणलेला पट्ट्याचा भाग तारेसारखा वर-खाली कंप पावतो. त्याची कंपसंख्या भागाची लांबी, पट्ट्याचे वजन आणि ताण यांवर ठरते. गाडीच्या वेगावर नाही. म्हणून एखाद्या ठरावीक वेगाला चाकाचे किंवा इंजिनचे ठोके तिच्याशी जुळले की पट्टा फडफडतो आणि पायाखाली बारीक झिणझिण्या येतात. याची परीक्षा सोपी आहे. उत्पादकाने दिलेल्या मर्यादेतच पट्ट्याचा ताण थोडा बदलायचा आणि पुन्हा त्याच रस्त्यावर जायचे. थरथरीचा वेग १०८ वरून ११५ वर सरकला, तर थरथरणारा भाग पट्टाच आहे हे सिद्ध झाले. चाकाचा असमतोल पट्ट्याच्या ताणाला असा प्रतिसाद देत नाही. या परीक्षेत मर्यादा पाळणे मात्र अत्यावश्यक आहे. फार आवळलेला पट्टा पुलीच्या बेअरिंगवर जादा भार टाकतो, आणि आजची थरथर थांबवून उद्याचा मोठा खर्च ओढवून घेतो.

इथे पहिला आक्षेप येतो: बॅलन्सिंग कॉम्प्युटरवर करून झाले, आकडा शून्य आला, मग चाकाला दोष कसा द्यायचा? हा आक्षेप रास्त वाटतो, पण बॅलन्सिंगचे यंत्र काय मोजते हे त्यात विसरले जाते. ते अधांतरी फिरणाऱ्या चाकाच्या वजनाची वाटणी मोजते. टायर किंचित लंबगोल असेल, रिमवर नीट बसलेला नसेल किंवा त्याची एक बाजू दुसरीपेक्षा कडक असेल, तरीही वजने लावून आकडा शून्यावर आणता येतो. गाडीचा भार पडून तेच चाक रस्त्यावर फिरू लागले की प्रत्येक फेरीत ते गाडीला उचलते आणि सोडते. म्हणून चाक जॅकवर घेऊन, टायरच्या पृष्ठभागाजवळ एखादी टोकदार वस्तू स्थिर धरून, हाताने हळूहळू फिरवावे. मधले अंतर कमी-जास्त होत असेल तर ते उघड दिसते. टायरच्या कडेला रिमलगत एक बारीक उंच रेघ असते. ती सगळीकडे रिमपासून सारख्याच अंतरावर हवी. नसेल तर हवा सोडून टायर पुन्हा बसवणे हा नव्या टायरपेक्षा कितीतरी स्वस्त उपाय आहे. हवेचा दाबही याच वेळी पाहावा. या गाडीच्या पुढच्या टायरांत मोटारीच्या मानाने बरीच कमी हवा भरायची असते, आणि मोटारीच्या सवयीने ती दुप्पट भरली तर प्रत्येक लहान दोष मोठा जाणवतो. अलाइनमेंटबद्दलही एक गैरसमज दूर करायला हवा. ते बिघडले तर गाडी भरकटते, सारखी सावरावी लागते, थरथरत नाही. बिघडलेले अलाइनमेंट टायर वेडावाकडा झिजवते आणि मग तो झिजलेला टायर थरथर आणतो. दोन्ही तक्रारी एकाच शब्दात सांगितल्या, तर मेकॅनिक चुकीच्या दिशेला जाणारच.

दुसरा आक्षेप अनुभवी मेकॅनिकच्या बाजूने घेतला जातो. ज्याने शेकडो गाड्या हाताळल्या, त्याला हँडल धरले की दोष कळतो. हे आकडे कशाला? अनुभवाचे मोल कमी नाहीच. हँडलमध्ये थरथर म्हणजे पुढे, सीटमध्ये म्हणजे मागे, हा त्याचा ठोकताळा पहिला अंदाज म्हणून उपयोगी आहे. पण फ्रेम हे लोखंडाचे एकसंध जाळे आहे आणि ते कंप एका टोकाचा दुसऱ्या टोकाला पोहोचवते. अनुनाद झाला की दोष मागे असूनही हँडलच सर्वांत जास्त हलू शकते. शिवाय तीनचाकी गाड्या तुलनेने कमी असल्याने, बहुतेक मेकॅनिकांचा अनुभव दुचाकीवरचा किंवा मोटारीवरचा असतो. अंदाजाला पडताळणीची जोड आज खिशातच आहे. मोबाइलमध्ये कंप टिपणारा सेन्सर असतो आणि त्याची नोंद कंपसंख्येच्या आलेखात दाखवणारी ॲप मिळतात. फोन फ्रेमला घट्ट बांधावा, स्थिर वेगाला दहा-पंधरा सेकंदांची नोंद घ्यावी आणि गाडी थांबवूनच आलेख पाहावा. ताशी ११० ला उंचवटा सोळावर दिसला तर मागचे चाक, सव्वासतरावर दिसला तर पुढचे. त्याच्या बरोबर दुपटीवर दिसला तर लंबगोल टायरचा संशय. वेग मात्र जीपीएसवरून घ्यावा. स्पीडोमीटर बहुधा थोडा जास्त वेग दाखवतो, आणि पाच टक्क्यांची चूकही पुढच्या-मागच्या चाकांतला बराचसा फरक गिळून टाकते. फोनलाही मर्यादा आहे. त्याचा सेन्सर सेकंदाला शंभर नोंदी घेत असेल तर पन्नासच्या वरची कंपने तो चुकीच्या जागी दाखवतो. २०१४ पासून काही मॉडेलांत १३३० सीसीचे तीन सिलिंडरचे इंजिन येते. ते मिनिटाला तीन हजार फेऱ्यांवर सेकंदाला ७५ ठोके देते. शंभर नोंदींच्या आलेखात तेच २५ वर उमटून दिशाभूल करू शकतात. म्हणून गिअर बदलण्याची चाचणी आधी, फोन नंतर.

तिसरा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो: या गाडीचा स्वभावच असा आहे, थोडी थरथर चालायचीच. पट्ट्यावर चालणाऱ्या, साडेचारशे किलोंच्या आसपास वजनाच्या गाडीत काही कंप राहणार, हे खरे. पण ‘स्वभाव’ हा शब्द सगळ्या चाचण्या संपल्यावर उच्चारायचा असतो. गेल्या महिन्यापर्यंत नसलेली थरथर आज आली असेल, तर तिला स्वभाव म्हणता येत नाही. काहीतरी बदललेले आहे. याच विचाराने पट्ट्यावर दाब देणारी जादा रोलरची जोडणी बसवण्याबद्दलही बोलायला हवे. अनेक मालक ती बसवतात आणि पट्ट्याची फडफड तिने खरोखर कमी होते, कारण ताणलेल्या भागाची लांबी तुटून त्याची कंपसंख्या बदलते. पट्ट्याचा अनुनाद सिद्ध झाला असेल तर हा उपाय योग्यच आहे. मात्र पुली झिजलेली असताना किंवा बेअरिंगमध्ये ढिलाई असताना तो बसवला, तर फक्त इशारा बंद होतो. बिघाड आत वाढत राहतो. पद्धतशीर तपासणीला वेळ लागतो आणि मजुरी पडते, ही तक्रारही हिशेबात टिकत नाही. गिअरची चाचणी, थ्रॉटलची चाचणी, हवेचा दाब आणि जॅकवरची पाहणी हे सारे अर्ध्या दिवसाचे काम आहे. अंदाजाने बदललेल्या एका टायरची किंमतही त्याहून जास्त भरते.

एका बाबतीत मात्र कोणतीही चाचणी करत बसू नये. चालत्या गाडीत थरथर अचानक सुरू झाली किंवा दर काही किलोमीटरला वाढू लागली, तर वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. टायरला फुगा आला आहे का, चाकाचे नट ढिले आहेत का, चाक हाताने हलवल्यावर खडखडते का, पट्ट्याचे दात तुटले आहेत का, हे पाहावे आणि यातले काहीही आढळले तर गाडी पुढे चालवू नये. बाकी प्रत्येक वेळी गॅरेजमध्ये जाताना नुसते ‘गाडी हादरते’ असे सांगू नका. किती वेगाला, कोणत्या गिअरमध्ये, थ्रॉटल दिलेला असताना की सोडलेला असताना, एकसुरी की हेलकावे घेत, आणि शेवटची दुरुस्ती कोणती झाल्यानंतर, या पाच गोष्टी कागदावर लिहून न्या. तो कागद वाचायची तयारी नसलेल्या गॅरेजला गाडी देऊ नका. स्पायडर असो, साधी दुचाकी असो की घरची मोटार, फिरणाऱ्या भागांचे नियम तेच आहेत. पुराव्यावरून केलेली दुरुस्ती एकदाच करावी लागते.