वर्सोव्याच्या वाळूखालच्या वाटा

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर सायंकाळी फिरावयास येणाऱ्या मंडळींची दृष्टी कोळीवाड्यातील होड्यांकडे व वाळत घातलेल्या बोंबलांकडे जाते. परंतु याच वाळूखालून परदेशी जाणाऱ्या ऑप्टिकल फायबरच्या केबली समुद्रात उतरल्या आहेत, याची जाणीव त्यांपैकी फारच थोड्यांना असते. समुद्रतळाशी मुंबईचा हा संबंध नवा नव्हे. १८७० साली ‘ग्रेट ईस्टर्न’ या महाकाय जहाजाने येथून एडनपर्यंत तारायंत्राची तार टाकली होती. २०२२ अखेर भारतास लागणाऱ्या आंतरराष्ट्रीय केबलींची संख्या १७ होती. त्यांपैकी बहुतेक मुंबईस येतात, आणि त्यांतल्याही बहुसंख्य वर्सोव्याच्या अवघ्या काही किलोमीटरांच्या पट्ट्यात.

‘नेट चालत नाही’ ही तक्रार ज्याच्या टेबलावर येऊन पडते, त्या नेटवर्क इंजिनिअरने हा भूगोल नीट समजून घेतला पाहिजे, असे माझे मत आहे. त्याचे पहिले हत्यार म्हणजे ‘पिंग’. माइक म्यूस या अमेरिकनाने डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली ही छोटीशी आज्ञावली दूरच्या यंत्रास हाक देते आणि उत्तर येण्यास किती काळ लागला ते सांगते. काचेतून प्रकाश सेकंदास सुमारे २ लाख किलोमीटर धावतो. सबब हजार किलोमीटरांच्या जाण्यायेण्यास १० मिलिसेकंद लागणारच. लंडन मुंबईहून सरळ रेषेत सुमारे ७,२०० किलोमीटर. म्हणजे ७२ मिलिसेकंदांहून कमी काळ कोणतीही कंपनी फायबरवरून देऊ शकणार नाही, आणि केबल तांबड्या समुद्रातून वळसा घेत जात असल्याने प्रत्यक्ष आकडा शंभराच्या वरच राहतो. सारे सुरळीत असताना या आकड्यांची रोजची नोंद ज्याने दप्तरी ठेवली, त्यालाच बिघाडाच्या दिवशी त्यांचा अर्थ लागतो.

३० जानेवारी २००८ रोजी अलेक्झांड्रियाजवळ ‘सी-मी-वी ४’ व ‘फ्लॅग’ या दोन केबली तुटल्या, तेव्हा भारताची बरीचशी वाहतूक पूर्वेकडून लांबच्या वाटेने वळवावी लागली. सप्टेंबर २०२५ मध्ये जेद्दाहजवळ ‘सी-मी-वी ४’ व ‘आयएमईडब्ल्यूई’ यांची तशीच गत झाली. अशा वेळी जोडणी बंद पडत नाही, केवळ मंदावते, आणि अननुभवी माणूस बिचाऱ्या राउटरलाच दोष देत बसतो. वाट बदलली काय, हे ‘ट्रेसराउट’ दाखवते. वाटेतील एकेका राउटरचे नाव आणि तेथवरचा काळ ते मांडते. मात्र मधलाच एखादा राउटर उशिरा उत्तर देत असेल तर घाबरण्याचे कारण नाही, कारण अशा चौकशांना उत्तर देणे हे त्याच्या लेखी दुय्यम काम असते. वाढलेला विलंब शेवटच्या टप्प्यापर्यंत टिकला, तरच तो खरा. शिवाय परतीची वाट निराळी असू शकते. म्हणून शक्य असल्यास पलीकडूनही ‘ट्रेसराउट’ करून घ्यावा.

मुख्य फसगत होते ती ‘दोन कंपन्यांच्या दोन लाइनी घेतल्या, आता चिंता नाही’ या समजुतीने. करारनाम्यात दोन नावे असतात. जमिनीखाली डक्ट एकच असू शकते आणि समुद्रात केबलही एकच. दुसरी लाइन मुद्दाम चेन्नईमार्गे घेतली तरी खातरजमा सुटत नाही, कारण ‘सी-मी-वी ४’ मुंबईस लागते तशी चेन्नईसही लागते. सही करण्यापूर्वीच कोणती केबल, कोणते लँडिंग स्टेशन, कोणत्या रस्त्याने आणि कोणत्या समुद्रातून, एवढा तपशील लेखी मागावा. जी कंपनी तो देण्यास टाळाटाळ करते, तिची स्वस्ताई मला तरी महाग वाटते.

मुंबईकराला समुद्रापेक्षा रस्त्यावरचा जेसीबी अधिक नडतो, हे मात्र कबूल केले पाहिजे. फायबर तुटले की ओटीडीआर हे यंत्र लावतात. ते प्रकाशाचा झोत सोडून परत येणाऱ्या अंधुक प्रकाशावरून तुटलेल्या जागेचे अंतर सांगते. परंतु हे अंतर फायबरच्या लांबीचे असते, रस्त्याचे नव्हे. प्रत्येक चेंबरमध्ये पुढील जोडकामासाठी काही मीटर केबल वेटोळे करून ठेवलेली असते; ती वजा न करता यंत्राने सांगितलेल्या आकड्यावर फूटपाथ खणावयास घेतला, तर मजूर पुढच्याच नाक्यावर खड्डा करतात. ज्या इंजिनिअरच्या नकाशात प्रत्येक चेंबरसमोर वेटोळ्याची लांबी लिहिलेली असते, त्याचे काम एका खड्ड्यात भागते.