परवाना एकाचा, जबाबदारी कोणाची?

२०१३ साली भारताच्या सीमाशुल्क कायद्यातले एक नाव बदलले. ‘कस्टम हाऊस एजंट’चा ‘कस्टम्स ब्रोकर’ झाला. बॅलार्ड इस्टेटपासून न्हावाशेव्यापर्यंत मात्र लोकांच्या तोंडी अजून ‘सीएचए’च आहे, आणि ब्रोकर म्हणजे मराठीत दलाल, त्यामुळे नवे नाव कुणी फारसे मिरवतही नाही. नाव बदलले तरी प्रश्न जुनाच राहिला: व्यापारी आणि सरकार यांच्या मध्ये उभ्या असलेल्या या माणसाकडून नेमकी कशाची अपेक्षा धरायची? दुसऱ्याच्या वतीने सीमाशुल्काचे काम करायचे तर परवाना हवा, असे १९६२च्या कायद्याचे कलम १४६ सांगते. त्याखाली १९८४, २००४, २०१३ आणि २०१८ साली नियमावल्या आल्या. चौतीस वर्षांत चार वेळा नियम लिहिले गेले, आणि प्रत्येक वेळी दारावरचा पहारा थोडा बदलला. दाराच्या आत कोणत्या कार्यालयाने कोणाला, काय आणि कधी कळवायचे, याची घडी मात्र बसली नाही. परवाना-सुधारणेचे अवघड काम या मेळ घालण्यातच आहे आणि तेच मागे पडले आहे, असे या लेखाचे म्हणणे आहे.

आधी कामाचे स्वरूप पाहू. इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट आणि बिल ऑफ लेडिंग हाती आले की ब्रोकरच्या कार्यालयात मालाचा शीर्षक-क्रमांक ठरतो, मूल्य तपासले जाते, सवलतीची अधिसूचना शोधली जाते आणि सीमाशुल्क खात्याच्या ‘आइसगेट’ या संकेतस्थळावर बिल ऑफ एंट्री दाखल होते. २०११ पासून शुल्काचे स्वयंनिर्धारण आले. कागदावर ते आयातदाराचे कर्तव्य आहे. लहान आयातदाराच्या बाबतीत प्रत्यक्षात ते ब्रोकरच्या टेबलावर, बरेचदा जी-कार्डधारक, म्हणजे सीमाशुल्काची परीक्षा उत्तीर्ण झालेल्या, कर्मचाऱ्याच्या हातून पार पडते. ८ जून २०२० पासून बंगळुरू आणि चेन्नईत चेहराविरहित निर्धारण सुरू झाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरअखेर ते देशभर पोहोचले. न्हावाशेव्याला उतरलेल्या मालाचे कागद आता दुसऱ्याच शहरातला अधिकारी तपासू शकतो. या व्यवसायाचे जुने भांडवल होते कस्टम हाऊसमधली ओळख. अनोळखी अधिकाऱ्यापुढे टिकते ते फक्त अचूक वर्गीकरण. म्हणजे व्यवसायाचा कणा बदलला. परवान्याची व्यवस्था त्या बेताने बदलली का?

तिचे धागे वेगवेगळ्या हातांत आहेत. धोरण केंद्रीय अप्रत्यक्ष कर व सीमाशुल्क मंडळ ठरवते, परीक्षा राष्ट्रीय अकादमी घेते, परवाना आणि शिस्तभंगाची कारवाई आयुक्तांकडे असते, संगणक यंत्रणा आणखी एका महासंचालनालयाकडे, तर अपील न्यायाधिकरणाकडे जाते. ही वाटणी महागात कशी पडते, हे २०१८च्या नियमावलीतल्या नियम १०च्या ‘एन’ उपनियमात दिसते. ग्राहकाचा आयात-निर्यात संकेतांक, जीएसटी क्रमांक, ओळख आणि दिलेल्या पत्त्यावरचे त्याचे अस्तित्व ब्रोकरने विश्वसनीय, स्वतंत्र कागदपत्रांवरून पडताळावे, असे तो सांगतो. पुढे काही निर्यातदार पत्त्यावर सापडेनात, तेव्हा कारवाई ब्रोकरवर झाली. यातला संकेतांक विदेश व्यापार महासंचालनालय देते आणि जीएसटी क्रमांक कर खाते. सरकारच्याच दोन कार्यालयांनी खरा मानलेला माणूस खोटा निघाला, आणि जाब विचारला गेला तिसऱ्यालाच. अपील न्यायाधिकरणाच्या दिल्ली पीठाने अलीकडच्या अनेक निकालांत हीच विसंगती दाखवली: सरकारी कागद तपासल्यावर ब्रोकरने प्रत्यक्ष जाऊन पत्ता पाहावा, अशी सक्ती नियमात नाही. ब्रोकर म्हणजे व्यवहाराचा खरेखोटेपणा तोलणारा निरीक्षक नव्हे, असे दिल्ली उच्च न्यायालयानेही २०१७ साली म्हटले होते. जीएसटी नोंदणी रद्द झाल्याची खबर त्याच दिवशी बिल दाखल करण्याच्या पडद्यावर दिसली, तर यातले कितीतरी खटले उभेच राहणार नाहीत.

शिस्तभंगाच्या कारवाईच्या मुदतीचीही तीच गत. गुन्ह्याचा अहवाल मिळाल्यापासून ९० दिवसांत नोटीस, पुढच्या ९० दिवसांत चौकशी अहवाल आणि त्यानंतर ९० दिवसांत आदेश, अशी चौकट नियम १७ने आखली आहे. दिल्ली आणि मद्रास उच्च न्यायालयांनी ही मुदत बंधनकारक मानली. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ साली ती मार्गदर्शक ठरवली, मात्र विलंबाला कारण हवे असे बजावले. दोन्ही बाजूंनी तर्क आहे. पण तपास एका यंत्रणेने करायचा, अहवाल दुसरीकडे पाठवायचा आणि ९० दिवसांचे घड्याळ कधी सुरू झाले यावरच वर्षानुवर्षे वाद घालायचा, यात प्रामाणिक ब्रोकरचे कर्मचारी बसून राहतात आणि लबाड माणूस तांत्रिक मुद्द्यावर सुटतो.

तिसरी फट शिक्षणाची आहे. २०२१ साली नूतनीकरणाची अट काढून परवाना आजीवन करण्यात आला. कागदपत्रांचा एक हेलपाटा वाचला, हे चांगलेच झाले. पण त्यासोबत ठरावीक काळाने ब्रोकरचे काम डोळ्यांखालून घालण्याची संधीही गेली. १ जानेवारी २०२२ला मालाच्या वर्गीकरणाची जागतिक नामावली बदलली, दर अर्थसंकल्पात शुल्काचे दर बदलतात. परीक्षा मात्र आयुष्यात एकदाच. अमेरिकेने २०२३च्या नियमाने दर तीन वर्षांत ३६ तासांचे शिक्षण ब्रोकरवर बंधनकारक केले. पूर्व आफ्रिकेतला दाखला आपल्याला अधिक जवळचा आहे. तिथे २००७ पासून महसूल प्राधिकरणे आणि व्यावसायिकांच्या संघटना मिळून एक प्रमाणपत्र अभ्यासक्रम चालवतात. मर्यादित साधनांच्या देशांनाही असा मेळ घालता येतो, हे त्यावरून दिसते.

यावर पहिला आक्षेप येईल: सारे ऑनलाइन झाले, आता हा मध्यस्थ हवाच कशाला? भारतात तो सक्तीचा नाहीच. व्यापारी स्वतः बिल दाखल करू शकतो. २०१७ साली अमलात आलेल्या जागतिक व्यापार सुलभीकरण कराराचा आग्रहही एवढाच आहे, की ब्रोकरची नवी सक्ती आणू नये आणि परवान्याचे नियम पारदर्शक ठेवावेत. मोठ्या कंपनीला स्वतःचा विभाग परवडतो. नाशिकच्या द्राक्ष निर्यातदाराला हंगामाच्या चार महिन्यांसाठी तो पोसणे जमत नाही. दुसरा आक्षेप असा, की संघटनांना सोबत घेतले तर त्या आपल्याच माणसांसाठी दार बंद करतील. ही भीती रास्त आहे, म्हणून शिकवणे एकत्र असावे, पण परीक्षा आणि शिक्षा सरकारकडेच राहावी. तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे: ब्रोकरला सैल सोडले तर तस्करीला वाट मिळेल. पण कलम १४७ने आधीच रेषा आखली आहे. ब्रोकरची हेतुपुरस्सर कृती, हयगय किंवा कसूर नसेल, तर बुडालेले शुल्क आधी मालकाकडून वसूल करायचे. तिथून मिळणे अशक्य ठरले, तरच ब्रोकरकडे वळायचे. शिस्तभंगातही हीच पायरी पाळता येईल. चुकीला ५० हजार रुपयांपर्यंतचा दंड, वारंवार हयगयीला निलंबन आणि संगनमताला परवाना रद्द, अशी चढती शिक्षा ठरली तर कठोरपणा कमी होत नाही. तो योग्य माणसावर पडतो.

म्हणून पुढची नियमावली लिहायला घेण्याआधी मंडळाने एक साधा तक्ता तयार करावा. नोंदणी रद्द झाल्याची खबर कोण देणार, तपासाचा अहवाल कोणत्या दिवशी कोणाच्या हाती पडणार, जी-कार्डधारकाला नवे बदल कोण शिकवणार, आणि यातले काही चुकले तर उत्तर कोण देणार, हे त्यात नावानिशी लिहावे. तो भरता आला, तर नियमावलीचा अर्धा मसुदा तयार झालाच. भरता आला नाही, तर परवान्यावर कोणतेही नवे नाव छापा, न्हावाशेव्याला त्याला सीएचएच म्हणतील.