शाम्पूतला न घातलेला फॉर्मल्डिहाइड

शाम्पूत पाणी असते आणि पाण्यात जीवाणू-बुरशी वाढते. म्हणून परिरक्षक घालावाच लागतो. त्याशिवाय विकलेली बाटली महिनाभरात जास्त धोकादायक ठरेल. डीएमडीएम हायडँटोइन, इमिडाझोलिडिनिल युरिया, डायझोलिडिनिल युरिया हे परिरक्षक पाण्यात हळूहळू फुटतात आणि थोडा थोडा फॉर्मल्डिहाइड सोडतात. तो जीवाणूंच्या प्रथिनांना जखडतो. त्वचेतल्या प्रथिनांनाही तो तसाच चिकटतो आणि काही जणांना त्याची ॲलर्जी कायमची जडते. मग पापण्या, मान, हात खाजू लागतात. अशा रुग्णाच्या पाठीवर संशयित रसायनांच्या पट्ट्या ४८ तास चिकटवून दोषी कोण ते शोधतात.

कर्करोगाचा प्रश्न वेगळा आहे. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली फॉर्मल्डिहाइडला पहिल्या गटात, म्हणजे माणसाला कर्करोग करणाऱ्या पदार्थांत टाकले, पण त्यामागचा पुरावा मुख्यतः कारखान्यांत आणि शवलेपनाच्या कामात हा वायू वर्षानुवर्षे हुंगणाऱ्या कामगारांचा होता. शाम्पूच्या बाबतीत खरी काळजी ॲलर्जीची आहे.

बाटलीतले प्रमाण मात्र स्थिर नसते. उष्णता वाढली, आम्लता घटली किंवा माल बराच काळ पडून राहिला, तर जास्त फॉर्मल्डिहाइड सुटतो. एप्रिल-मेमध्ये हैदराबादचा पारा चाळिशी ओलांडतो. तिथल्या पत्र्याच्या गोदामातली बाटली आणि थंड देशातल्या कपाटातली बाटली यांना एकच माप लावणे योग्य नाही. चाचणीतही हीच अडचण येते. ॲसिटिलॲसिटोनच्या पद्धतीत नमुना अभिकारकासह गरम करतात आणि फॉर्मल्डिहाइड असेल तर पिवळा रंग येतो. पण त्या उष्णतेनेच परिरक्षकातून नवा फॉर्मल्डिहाइड बाहेर पडू शकतो.

मार्च २०१९मध्ये राजस्थानच्या औषध नियंत्रण विभागाला जॉन्सनच्या बेबी शाम्पूच्या नमुन्यांत फॉर्मल्डिहाइड आढळला. राष्ट्रीय बालहक्क संरक्षण आयोगाने आंध्र प्रदेशासह पाच राज्यांना तपासणी करायला सांगितले. आपण फॉर्मल्डिहाइड किंवा तो सोडणारा घटक घालतच नाही, असे सांगत कंपनीने चाचणीच्या पद्धतीवरच आक्षेप घेतला आणि पुढे सरकारी फेरतपासणीत उत्पादन निर्दोष ठरल्याचे जाहीर केले. पालकांची यात फरफट झाली. कोणत्या पद्धतीने मोजायचे आणि किती म्हणजे जास्त, हे आधी ठरलेले आणि सगळ्यांना माहीत असते तर तो वाद एवढा चिघळला नसता.

युरोपीय संघाने हा आकडा ठरवला आहे. ०.०५ टक्क्यांहून अधिक फॉर्मल्डिहाइड असेल तर इशारा छापा, असा जुना नियम होता. २०२२ साली ही मर्यादा ०.००१ टक्क्यावर आणली, म्हणजे पन्नासपट कडक केली. खुद्द फॉर्मल्डिहाइड आणि तो सोडणारा क्वाटर्नियम-१५ हे परिरक्षक म्हणून २०१९ सालीच बाद झाले होते.

भारतात सौंदर्यप्रसाधन नियम, २०२० लागू आहेत. उत्पादनाचा परवाना राज्य देते. तपासणीसाठी हैदराबादेत केंद्रीय औषध चाचणी प्रयोगशाळाही आहे. घटकांची यादी छापावी लागते, पण एक टक्का किंवा त्याहून कमी असलेले घटक शेवटी, कोणत्याही क्रमाने लिहिता येतात. डीएमडीएम हायडँटोइनची युरोपातली कमाल मर्यादाच ०.६ टक्के आहे, म्हणजे त्याचे नाव सापडलेच तर यादीच्या शेपटाशी. आणि ६० मिलिलिटरहून लहान पॅकवर ही यादी छापण्याचे बंधनच नाही. किराणा दुकानात माळेने टांगलेल्या रुपया-दोन रुपयांच्या पुड्या या सवलतीत बसतात. ज्याला फॉर्मल्डिहाइडची ॲलर्जी आहे आणि जो पुडीच विकत घेऊ शकतो, त्याला आत काय आहे हे कळण्याचा हक्क नियमाने दिलेला नाही. ही सवलत काढून टाकायला हवी. जागा कमी पडत असेल तर निदान फॉर्मल्डिहाइड सोडणाऱ्या परिरक्षकाचे नाव तरी पुडीवर छापायला लावावे.