आकडे बरोबर, जागा चुकीची!

जीपीएस सांगेल तिथे पोहोचलात, पण डबा गायब? उपग्रहाला नावं ठेवण्याआधी यंत्राच्या सेटिंगचं पान उघडा. चूक केवढी आहे, त्यावरून ती कुठे आहे ते कळतं.

कोऑर्डिनेट्स भरले, बाण दाखवेल तिकडे चालत गेलात, अर्धा तास झाडंझुडपं धुंडाळली. पण डबा काही सापडत नाही. किंवा तुमचं आणि मित्राचं यंत्र शेजारी शेजारी धरलं, तर दोन्हींवर आकडे वेगळे. अशा वेळी पहिला राग निघतो उपग्रहावर आणि दुसरा डबा लपवणाऱ्यावर. पण बऱ्याचदा दोघंही बिचारे निर्दोष असतात. घोळ आपल्याच हातातल्या यंत्रात असतो आणि तो दोन मिनिटांत निस्तरता येतो. फक्त कुठे बघायचं ते माहीत हवं.

जे नवीन आहेत त्यांच्यासाठी थोडक्यात. जिओकॅशिंग म्हणजे जीपीएसवर खेळायचा खजिन्याचा शोध. कुणीतरी डबा लपवतं आणि त्याचे अक्षांश-रेखांश जाहीर करतं. तुम्ही तो शोधायचा, आतल्या वहीत नाव लिहायचं आणि होता तसाच परत ठेवून द्यायचा. २ मे २००० रोजी अमेरिकेने नागरी जीपीएसमध्ये मुद्दाम घातलेली चूक काढून टाकली. तोवर शंभर मीटरपर्यंत हुकणारी यंत्रं एका रात्रीत शहाणी झाली. दुसऱ्याच दिवशी डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉन राज्यात एक बादली लपवून तिचा पत्ता इंटरनेटवर टाकला आणि खेळ सुरू झाला.

त्या पहिल्या बादलीचाच पत्ता आपण उदाहरण म्हणून घेऊ: उत्तर ४५° १७.४६०′, पश्चिम १२२° २४.८००′. आता हा पत्ता किती प्रकारे चुकवता येतो ते बघा.

हजारो किलोमीटरची चूक

ही सगळ्यात मोठी आणि सगळ्यात निरुपद्रवी, कारण ती लगेच लक्षात येते. आपल्याकडे रेखांश कायम पूर्व. यंत्रात तेच अक्षर तसंच राहिलं आणि तुम्ही ‘पश्चिम १२२’ ऐवजी ‘पूर्व १२२’ भरलंत, तर ओरेगॉनची बादली थेट ईशान्य चीनमध्ये जाऊन पडते. अमेरिकेत शिकायला गेलेल्यांनी आकड्याआधी हे अक्षर तपासावं.

वीस किलोमीटरची चूक

फोनवरच्या नकाशातून पत्ता कॉपी केलात, की तो बहुतेक वेळा नुसत्या अंशांत येतो: ४५.२९१००. यंत्र मात्र अंश आणि मिनिटं मागतंय. घाईत दशांश चिन्हानंतरचे आकडे मिनिटांच्या घरात टाकले, की पत्ता झाला ४५° २९.१००′. खरी बादली १७.४६० मिनिटांवर. म्हणजे तुम्ही साडेएकवीस किलोमीटर उत्तरेला! अंशांचे दशांश म्हणजे मिनिटं नव्हेत. मिनिटं हवी असतील तर दशांशाला ६० ने गुणायचं: ०.२९१ × ६० = १७.४६.

अर्ध्या किलोमीटरची चूक

नवख्यांना सगळ्यात जास्त चकवते ती हीच. एका अंशात ६० मिनिटं, एका मिनिटात ६० सेकंद. अक्षांशाचं एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १८५२ मीटर, तर एक सेकंद म्हणजे साधारण ३१ मीटर. आता १७.४६० मिनिटं हे ‘१७ मिनिटं, ४६.० सेकंद’ असं वाचलं तर? .४६० मिनिट म्हणजे खरं तर २७.६ सेकंद. फरक १८.४ सेकंदांचा, म्हणजे जवळपास ५७० मीटरचा. जागा त्याच जंगलात, त्याच रस्त्याजवळ. त्यामुळे शंकाही येत नाही आणि तुम्ही तिथेच शोधत बसता.

यात एक गंमत आहे. २४.८०० असेल तर ‘८० सेकंद’ भरताच येत नाहीत, कारण सेकंद ६० च्या खालीच असतात. तिथे चूक पकडली जाते. पण दशांशानंतरचा आकडा ६० च्या आत असला, की यंत्र निमूटपणे मान्य करतं.

म्हणूनच दोन यंत्रांवर आकडे वेगळे दिसले तर लगेच भांडू नका. ४५° १७.४६०′, ४५° १७′ २७.६″ आणि ४५.२९१००° हे तिन्ही एकच अक्षांश आहेत. जागा तीच, लिहिण्याची पद्धत वेगळी. जिओकॅशिंगमध्ये पहिली पद्धत चालते: अंश, मग मिनिटं, मिनिटांचे तीन दशांश. सेटिंगमध्ये जाऊन दोन्ही यंत्रांवर तीच ठेवा आणि मग तुलना करा.

आणि क्रम लक्षात ठेवा: सेटिंग आधी, आकडे नंतर. चुकीच्या पद्धतीत आकडे भरून मग सेटिंग बदललंत, तर यंत्र तुमची चूक दुरुस्त करत नाही. ती चुकीचीच जागा नव्या पद्धतीत नीटनेटकी लिहून दाखवतं.

शंभरेक मीटरची चूक

पद्धत एकच, आकडेही जुळतात, तरी जागा थोडी बाजूला. आता ‘डेटम’ बघा. पृथ्वी काही गुळगुळीत चेंडू नाही. अक्षांश-रेखांश मोजण्यासाठी तिचा एक ठरावीक आकार आणि मापनाचं मूळ गृहीत धरावं लागतं. त्याला म्हणायचं डेटम. जीपीएस आणि जिओकॅशिंग दोन्ही चालतात डब्ल्यूजीएस ८४ वर. सर्व्हे ऑफ इंडियाचे जुने टोपोशीट मात्र एव्हरेस्ट डेटमवर आहेत. त्या नकाशावरून वाचलेले कोऑर्डिनेट्स तसेच यंत्रात भरले, तर आपल्या भागात शंभर मीटरहून जास्त फरक पडू शकतो. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणानंतर लोकांसाठी निघालेले नकाशे डब्ल्यूजीएस ८४ वर आहेत. तेव्हा नकाशाच्या समासातली बारीक अक्षरं वाचा. आणि यंत्राच्या यादीत भारताच्या नावाचा एखादा डेटम दिसला, म्हणून देशप्रेमाने तो निवडू नका.

पाच-दहा मीटरची चूक

ही चूक नाहीच. उघड्या आकाशाखाली हॅण्डहेल्ड यंत्र चार-पाच मीटर इकडेतिकडे दाखवणारच. लपवणाऱ्याचं यंत्रही तसंच. दोघांचा फरक उलट दिशेला असेल, तर दहा मीटर सहज होतात. दाट झाडी, कडा किंवा उंच इमारती असतील तर सिग्नल आपटून फिरून येतो आणि हा आकडा आणखी वाढतो. यंत्र नुकतंच सुरू केलं असेल, तर मोकळ्या जागी काही मिनिटं स्थिर धरा. शेवटच्या दहा मीटरमध्ये बाण गरगरायला लागला, की तो खिशात टाका आणि डोळे वापरा. चुंबकीय होकायंत्र असलेल्या यंत्रात बॅटरी बदलल्यावर ते कॅलिब्रेट करून घ्या.

एक अपवाद. कोडं असलेल्या कॅशचे जाहीर कोऑर्डिनेट्स मुळातच डब्याचे नसतात. कोडं सोडवल्यावर खरा पत्ता मिळतो. आधी वर्णन वाचा, मग पायपीट करा.

हे फक्त खेळापुरतं नाही

ट्रेकला कुणाचा पाय मुरगळला, वाट चुकली आणि ११२ वर किंवा बचाव पथकाला पत्ता सांगायची वेळ आली, की हेच ज्ञान कामाला येतं. तुम्ही फोनवर म्हणालात, “अठरा, एकवीस, पंचेचाळीस.” तुमच्या स्क्रीनवर होतं १८° २१.४५०′, पलीकडच्याने लिहिलं १८ अंश २१ मिनिटं ४५ सेकंद. फरक साडेपाचशे मीटर. सह्याद्रीत तेवढ्यात धार ओलांडून पलीकडची दरी येते. म्हणून सांगताना शब्द गाळायचे नाहीत: “अठरा अंश, एकवीस दशांश चार पाच शून्य मिनिटं उत्तर.” रेखांशही तसाच. मग समोरच्याकडून परत वाचून घ्या.

निघण्याआधी दोन मिनिटं

* लिहिण्याची पद्धत: अंश आणि मिनिटांचे तीन दशांश.
* डेटम: डब्ल्यूजीएस ८४.
* उत्तर-दक्षिण, पूर्व-पश्चिम ही अक्षरं बरोबर आहेत ना?
* आकडे भरल्यावर ती जागा नकाशावर बघा. खेळाच्या नकाशातली खूणही तिथेच आहे ना?
* ग्रुपमधल्या सगळ्या यंत्रांचं सेटिंग एकसारखं करा.
* घराच्या गच्चीवर सगळी यंत्रं शेजारी ठेवून आकडे जुळवून बघा. शेवटच्या दशांशात दोन-चारचा फरक असेल तर खुशाल निघा. मिनिटाचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम दोन मीटर.