मॉर्फिनची धास्ती, ट्रॅमाडॉलची सलगी

जालना जिल्ह्यातले कर्करोगाचे अनेक रुग्ण उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जातात. चिठ्ठीवर मॉर्फिन दिसलं की घरचे हबकतात. शेवट जवळ आला असंच धरून चालतात. ट्रॅमाडॉल मात्र कंबरदुखीला मेडिकलवरून सहज मागितलं जातं. दोन्ही औषधं एकाच कुळातली, अफूवर्गीय.

ट्रॅमाडॉल आणि कोडीन

ही मध्यम वेदनेची औषधं. ट्रॅमाडॉल दिवसाला ४०० मिलिग्रॅमच्या वर नेत नाहीत, कारण मग झटके येण्याचा धोका वाढतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांसोबत घेतलं तर प्रकरण जिवावर बेतू शकतं. सवयही लागते, म्हणूनच २०१८ साली ते अमली पदार्थांच्या कायद्याखाली आणलं गेलं. कोडीनचं शरीरात मॉर्फिन बनतं. कुणात फार, कुणात जवळजवळ नाहीच. त्यामुळे बारा वर्षांखालच्या मुलांना ते देत नाहीत.

मॉर्फिन

कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर हाच मुख्य आधार. साधी गोळी दर चार तासांनी, घड्याळ लावून घ्यायची. दुखायची वाट पाहायची नाही. मात्रा थोडी थोडी वाढवत नेता येते. मळमळ आणि गुंगी सहसा काही दिवसांत ओसरते. बद्धकोष्ठता मात्र जात नाही, म्हणून पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासूनच हवं. मूत्रपिंड कमजोर असेल तर मॉर्फिनचे अंश शरीरात साठतात. डॉक्टरांना हे आधीच सांगा.

वेदनेसाठी डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणाऱ्याला व्यसन लागण्याचा धोका कमी असतो. त्या भीतीपोटी माणसाला रात्र रात्र कण्हत ठेवणं मला क्रूर वाटतं.

फेंटॅनिलची पट्टी

गिळता न येणाऱ्यांना ही सोयीची. त्वचेवर लावली की ७२ तास चालते. तासाला २५ मायक्रोग्रॅम औषध सोडणारी पट्टी म्हणजे दिवसाला तोंडाने घेतलेलं साधारण ६० मिलिग्रॅम मॉर्फिन. त्यामुळे आधी अफूवर्गीय औषध न घेतलेल्याला ती लावू नये. उष्णतेने औषध भराभर शोषलं जातं: पट्टीवर गरम पाण्याची पिशवी ठेवू नका, जालन्याच्या मे महिन्यात रुग्णाला उन्हात बसवू नका. ताप चढला तर लगेच डॉक्टरांना कळवा. काढलेल्या पट्टीतही औषध उरतं. चिकट बाजू आत दुमडून ती मुलांच्या हाती लागणार नाही अशी टाका.

मिळतं कुठे?

अमली पदार्थांच्या कायद्यातल्या २०१४ च्या दुरुस्तीने मॉर्फिन, फेंटॅनिल, कोडीन यांसह सहा औषधं ‘अत्यावश्यक’ ठरली आणि देशभर एकच नियम आला. मान्यताप्राप्त रुग्णालयांना ती ठेवता येतात.

घरी सांभाळताना

दारू आणि झोपेच्या गोळ्या सोबत नकोत. औषध अचानक बंद करू नका. रुग्ण हलवून जागा होत नसेल किंवा श्वास फार मंदावला असेल, तर पुढची मात्रा न देता लगेच १०८ ला फोन करा.