काडतूस घरी भरावे की विकत घ्यावे?

टेक्सासला स्थायिक झालेला आमचा एक जुना विद्यार्थी हौशी नेमबाज आहे. त्याने विचारले, "सर, काडतुसे घरी भरणे परवडते का?" आम्ही बंदूक कधी हाती धरलेली नाही, पण 'परवडणे' म्हणजे काय, हा प्रश्न मात्र आमच्या विषयातला. म्हणून आज तोच घेऊ.

आधी वस्तू समजून घेऊ. काडतुसाचे भाग चार: पितळी कवच, त्याच्या बुडाशी ठिणगी देणारा प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी बसवलेली गोळी. बार उडाला की बाकीचे तीन खर्ची पडतात, कवच हाती उरते. ते पुन्हा भरता येते, बचत होते ती इथे. अमेरिकेत हा जुना, रुळलेला छंद आहे. आपल्याकडे मात्र १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवणे गुन्हा आहे, हे ध्यानात ठेवा.

आता हिशेब. आकडे समजुतीपुरते धरू. अवजारांना ४२० डॉलर लागले. रायफलीच्या महागड्या काडतुसामागे ७० सेंट वाचत असतील, तर ६०० काडतुसांत पैसे वसूल. पण पिस्तुलाच्या स्वस्त काडतुसामागे ६ सेंटच वाचले, तर ७,००० भरावी लागतील! तासाला ५० भरली, तर पहिल्या कामाची मजुरी ३५ डॉलर पडते, दुसऱ्याची ३. म्हणजे प्रश्न एकच, उत्तरे दोन. शिवाय घरचे पापड जसे जास्तच तळले जातात, तसे काडतूस स्वस्त पडले की माणूस जास्त बार काढतो. मग बचत कुठे राहिली?

टंचाईत उपयोग होईल म्हणावे, तर २०२०-२१ मध्ये तिकडे काडतुसांबरोबर प्रायमरही दुकानांतून गायब झाले होते. आपल्याच रायफलीला मानवेल असे काडतूस जुळवता येते, हा फायदा मात्र खरा.

इथे ॲरिस्टॉटलची आठवण होते. तो निर्मिती आणि कृती यांत भेद करतो. निर्मितीचे साध्य तिच्याबाहेर असते, कृतीचे तिच्यातच. काडतूस भरणे ही निर्मितीच. पण काहींना ते मोजणे, तपासणे हेच आवडते. त्यांचा तास खर्चात धरायचाच कशाला?

आणि हा भेद नुसता पुस्तकी नाही बरं का. पिस्तुलाच्या कवचात दारू इतकी थोडी लागते, की चुकून दुप्पट पडली तरी कित्येकदा मावते. वर गोळी बसली की बाहेरून काही कळत नाही. अशी बंदूक हातात फुटू शकते. म्हणून छापील तक्ता, वजनकाटा आणि प्रत्येक कवचात डोकावून पाहणे, याला पर्याय नाही. केवळ पैसे वाचवायला बसलेला माणूस घाई करतो, कारण त्याला तो तास लवकर संपवायचा असतो. ज्याला तो तास आवडतो, त्याचेच लक्ष तिथे टिकते.

विद्यार्थ्याला आम्ही एवढेच लिहिले: पैसे वाचणार नाहीत असे धरून चाल. तरीही बसावेसे वाटले, तर बस. नाही वाटले, तर खुशाल विकत घे.