वाळवंटातील वैभव : जमा आणि नावे

चाळीस वर्षे बेळगावच्या रविवार पेठेत धान्याची पेढी चालविणाऱ्याने परदेशातील वस्तीविषयी लेख लिहावा, हे काही वाचकांस वावगे वाटेल. परंतु आपल्या संघाच्या अनेक सभासदांची मुले आज परदेशी स्थायिक झाली आहेत, आणि ‘आता पेढी आवरा व इकडे या’ हे वाक्य आज ना उद्या त्यांच्याही कानी पडणार आहे. आमच्या कानी ते पडले. होकार देण्यापूर्वी माल स्वतः पाहावा, या पेठेतील रीतीस अनुसरून आम्ही सपत्नीक २०२३ च्या फेब्रुवारीपासून ऑगस्टपर्यंत सहा महिने धाकट्या चिरंजीवांच्या घरी राहून आलो. तेथील वास्तव्यात जमेस काय धरावे व नावे काय टाकावे, ते सभासद बंधूंपुढे मांडीत आहोत.

चिरंजीवांचे घर अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यातील स्कॉट्सडेल या गावी आहे. फिनिक्स महानगरास लागून, सोनोरा वाळवंटात वसलेले हे सधन उपनगर. १८८८ साली विनफील्ड स्कॉट नावाचे सैन्यातील एक धर्मोपदेशक येथे आले. त्यांनी ६४० एकर जमीन घेऊन संत्र्या-लिंबांची लागवड केली व पुढे गावास त्यांचेच नाव मिळाले. १९५१ साली येथे नगरपालिका झाली तेव्हा लोकवस्ती अवघी दोन हजारांच्या आसपास होती. २०२० च्या शिरगणतीत ती २,४१,००० च्या वर गेली. हवा थंड करणारे यंत्र व लांबून आणलेले पाणी, या दोहोंच्या बळावर ही वाढ झाली. आमचा पुढील सारा हिशेब याच दोन गोष्टींभोवती फिरतो.

प्रथम जमेची बाजू. फाल्गुन-चैत्रातील तेथील हवा म्हणजे केवळ सुख. आभाळ निरभ्र, सकाळ गार, दुपार कोवळी. बेळगावच्या पावसाळी ओलाव्याने सौ.चे गुडघे दरवर्षी धरतात. तेथील कोरड्या हवेत त्या काठीवाचून दोन मैल चालू लागल्या. घरे बैठी व मातीच्या रंगाची असून डोंगराच्या रेषेआड येत नाहीत. अंगणात हिरवळीऐवजी खडी व निवडुंग. ‘सवारो’ नावाचा तेथील उंच निवडुंग पहिली फांदी फुटण्यास पन्नास वर्षांहून अधिक काळ घेतो व कायद्याने संरक्षित आहे. व्यापाऱ्यापाशी तेवढा धीर असता तर किती दिवाळी निघाल्या नसत्या!

नागरिकांची दूरदृष्टीही आम्हांस भावली. घरे बांधीत बांधीत डोंगर संपणार हे ओळखून त्यांनी १९९५ साली मतदान करून स्वतःवर विक्रीकर बसवून घेतला आणि त्या पैशातून रान विकत घेण्यास आरंभ केला. आज मॅकडॉवेल पर्वताभोवती तीस हजार एकरांहून अधिक भूमी कायमची राखीव आहे. गावातून जाणाऱ्या ओढ्याच्या पुरावर उपाय म्हणून सिमेंटचा नाला बांधण्याचा बेत होता. लोकांनी तो नाकारला आणि तेथे अकरा मैलांची हिरवी बागपट्टी केली. पूर आला म्हणजे पाणी तीतून वाहून जाते, एरवी मुले खेळतात. करवाढ म्हटली की कपाळास आठ्या घालणाऱ्या आम्हां व्यापाऱ्यांनी यातून काही घ्यावे. याखेरीज रुग्णालये उत्तम, फिनिक्समध्ये जिनमंदिर आहे, आणि ज्येष्ठात दिवस साडेसातच्या पुढेपर्यंत रेंगाळत असल्याने चिरंजीवही कचेरीतून येऊन सूर्यास्तापूर्वी जेवू शकत.

आता नावेची बाजू. घराच्या किमतीविषयी आम्ही बोलत नाही. ज्याने त्याने आपली थैली पाहावी. परंतु घर घेतल्यावरही मालकी पुरी होत नाही. वसाहतीच्या घरमालक संघटनेस दरमहा वर्गणी द्यावी लागते, आणि भिंतीस कोणता रंग द्यावा हेही तीच ठरविते. दूध आणावयाचे तरी मोटार काढावी लागते. मोटार न चालविणारा वृद्ध तेथे सुखवस्तू कैदीच होय. पहिल्या महिन्यात सौ. म्हणाल्या, “अहो, इथं सगळं आहे, पण दारावरून कुणी जात नाही.” हा शेरा तेव्हा आम्ही हसण्यावारी नेला होता.

विंचवांचा प्रश्न निराळाच. तेथील एक जात विषारी असून भिंतीच्या फटीतून घरात शिरते. शेजारी दरमहा औषध फवारून घेतात. आमच्या घरी लहान नात रांगती, आणि दुसरीकडे जीवहिंसेचा संकोच. शेवटी सूनबाईंनी दारे-खिडक्यांच्या साऱ्या फटी बुजवून घेतल्या. जांभळ्या किरणांच्या दिव्याखाली विंचू चमकतात. चिरंजीव रोज रात्री तो दिवा घेऊन कोपरे पाहात व सापडलेला विंचू लांब चिमट्याने बरणीत घालून रानात सोडीत. मार्ग निघाला, पण धास्ती गेली नाही.

मग उन्हाळा आला. ३० जूनपासून सलग ३१ दिवस फिनिक्सचे तापमान ११० अंश फॅरनहाइट, म्हणजे आपल्या ४३ अंशांच्या वर गेले. सलग सोळा रात्री पारा ९० अंशांच्या खाली उतरला नाही. त्या वर्षी त्या जिल्ह्यात उष्म्याने ६४५ माणसे दगावल्याची नोंद झाली. त्यांत बेघर पुष्कळ होते. याच दिवसांत एका सायंकाळी आमच्या घरचे थंड हवेचे यंत्र बंद पडले. दुरुस्ती करणाऱ्याने दुसऱ्या दिवशी दुपारची वेळ दिली. दोन तासांत भिंती तापल्या, नात रडून थकली, आणि सौ.ना घेरी आली. खिडक्या उघडाव्यात तर बाहेर भट्टी. मोटारीत बसून आम्ही सारे एका हॉटेलात गेलो. त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. ज्यांच्यापाशी हॉटेलचे भाडे नसेल त्यांनी काय करावे, हा विचार मनातून जाईना.

सर्वांत मोठी रक्कम मात्र पाण्याच्या खाती निघते. त्या खोऱ्यात वर्षास सात-आठ इंच पाऊस. सॉल्ट नदीच्या पाण्याखेरीज मुख्य भिस्त दूरच्या कॉलोराडो नदीवर. तिचे पाणी आणणारा कालवा ३३६ मैल लांबीचा असून त्यातील पाणी विजेच्या पंपांनी एकंदर २,९०० फुटांच्या आसपास वर चढवावे लागते. नदीच्या पाण्याची वाटणी १९२२ च्या करारात झाली, आणि ती भरपूर पावसाच्या वर्षांचा अंदाज धरून झाली. गोदामात शंभर पोती असता सव्वाशेच्या पावत्या फाडाव्यात, तसा हा प्रकार.

तूट आली तेव्हा काय झाले ते धान्याच्या व्यापाऱ्याने ध्यानी धरण्याजोगे आहे. २०२२ साली कालव्याच्या पाण्यात पहिली कपात झाली, तिचा मोठा भार मध्य अ‍ॅरिझोनातील शेतकऱ्यांवर पडला. कित्येक शेते पडीक राहिली. उपनगरातील पोहण्याचे तलाव भरलेलेच होते. १ जानेवारी २०२३ पासून स्कॉट्सडेलने आपल्या हद्दीबाहेरील रिओ व्हर्दे फूटहिल्स या वस्तीस टँकरने जाणारे पाणी बंद केले. तेथेही लाखो डॉलरांची घरे होती, पण नळ नव्हता. पुढे राज्याच्या कायद्याने तात्पुरती सोय करण्यात आली. गाव बेफिकीर आहे असे आम्ही म्हणणार नाही. अनेक गोल्फ मैदानांस शुद्ध केलेले सांडपाणी दिले जाते, आणि २०२३ च्या ऑगस्टपासून नव्या घरांपुढे हिरवळ लावण्यास मनाई झाली. तरीही ते वैभव ही दूरच्या नदीवर काढलेली हुंडी आहे, आणि नदी कोणत्या दिवशी ती नाकारील हे कोणाच्या हाती नाही. पाणी तुपासारखे वापरावे ही आपल्या वडीलधाऱ्यांची शिकवण आम्हांस त्या वाळवंटात खऱ्या अर्थाने कळली.

निघण्याच्या आदल्या रात्री चिरंजीवांनी विचारले, “अप्पा, मग काय ठरलं?” आम्ही खतावणी उलगडणार तोच सौ. म्हणाल्या, “थंडीचे चार महिने तुझे, बाकीचे पेठेचे.” उत्तरेकडील बर्फाळ प्रांतांतले अनेक वृद्ध असेच करतात, हिवाळ्यात तेथे येतात व ऊन तापू लागले की परततात. चिरंजीवांचा चेहरा उतरला, हे आम्ही लपवीत नाही. नातीचे बोबडे बोल आम्हांस आठ महिने दूरध्वनीवरच ऐकावे लागणार, ही रक्कम कोणत्या खाती घालावी ते आम्हांस अद्याप उमगलेले नाही.

ज्या सभासदांची मुले अशा ठिकाणी घर घेऊ पाहात असतील त्यांनी चार प्रश्न अवश्य विचारावेत : नळास पाणी कोठून येते व तूट आल्यास प्रथम कोणाचे तुटेल? यंत्र बंद पडल्यास रात्र कोठे काढावी? मोटारीवाचून कोठवर जाता येते? आणि दारावरून कोणी जाते काय? उत्तरे समाधानकारक असतील तर खुशाल सौदा करावा. शेवटच्या प्रश्नास मात्र आमच्या मते सौदा ठरविताना पहिला मान द्यावा.